उन्हाळ्यात ऑफिसला शिवलेलं लिनन, घ्यावं का नाही?

कृष्णाकाठचा
मार्च संपत आला की सांगलीत दुपारचं बाहेर पडवत नाही, एप्रिल-मेला पारा चाळिशीला टेकतो, आणि आपण मात्र तेच पॉलिस्टर मिक्सचे टाइट शर्ट आत खोचून ऑफिस गाठतो. ज्यांच्या ऑफिसात एसी नाही त्यांनी रेडिमेड सोडावं, लिननचं कापड घ्यावं आणि आपल्या टेलरकडून शिवून घ्यावं, हे माझं स्पष्ट मत. नुसतं कापड बदलून भागत नाही, रेडिमेडमध्ये जिकडं बघावं तिकडं स्लिम फिट, ते पाठीला चिकटलं की मग लिनन असू दे नाहीतर मलमल, वारं आत शिरणार कुठून? टेलरला सांगा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, जरा मोठा ठेव, तिऱ्याखाली, म्हणजे खांद्यावरच्या पट्टीखाली, पाठीत एक प्लेट घाल, छातीत नेहमीपेक्षा दीड-दोन इंच लूज दे. एवढ्यानंच निम्मं काम होतं. ज्यांना पटत नाही त्यांनी बोला.

तासगावकर
मला नाही पटत. मी काउंटरला बसतो, दिवसभर लोक समोर असतात. सकाळी कडक इस्त्री करून घातलेलं लिनन गाडीवरून ऑफिसला पोचेपर्यंत पोटावर, कोपरात असं चुरगळतं की माणूस आंथरुणातनं उठून आलाय वाटावं. म्हातारी माणसं पेन्शनचं काम घेऊन येतात, त्यांना समोरचा नीटनेटका दिसला की धीर येतो, हे मी रोज बघतोय. त्यापेक्षा चांगलं कॉटन पॉपलिन घ्या, निम्म्याहून कमी पैशात होतं आणि संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी टिकतं.

कृष्णाकाठचा
दादा, नीटनेटका म्हणजे स्वच्छ आणि मापात शिवलेला. सुरकुती पडलेला पण खांद्यात बरोबर बसलेला शर्ट वेगळा आणि काखेत घामाचे पांढरे डाग घेऊन बसणारा माणूस वेगळा. लिननची सुरकुती आता लोकांनाही ओळखता येते.

तासगावकर
सांगली-मिरजेत येत असेल, आमच्याकडं नाही येत. आमच्याकडं साहेबच विचारतात, इस्त्री नाही का केली.

मागवाला
मी कापडाच्या लाइनीत आहे म्हणून थोडं सांगतो. प्रमाणित हवेत, म्हणजे मोजमापासाठी ठरवलेल्या तापमानात आणि दमटपणात, कापूस साधारण ८.५ टक्के ओलावा धरतो, लिनन १२ च्या आसपास, आणि पॉलिस्टर फक्त ०.४. म्हणजे पॉलिस्टर मिक्सवाल्याला घाम का फुटतो ते वेगळं सांगायला नको. पण लिनन आणि कापूस यातलं अंतर लोक समजतात तेवढं नाही, त्यामुळं तासगावकरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आता चुरगळायचं कारण बघा, लिननचा तंतू ताठ असतो, तुटायच्या आधी जेमतेम २-३ टक्के ताणला जातो, कापसाचा ६-७ टक्के ताणला जातो, त्यामुळं लिनन एकदा दुमडलं की परत सरळ होत नाही. पण हाच ताठपणा त्याला अंगापासून सुटं ठेवतो आणि मधून वारं खेळतं, म्हणजे ज्याला तुम्ही खोट म्हणताय तोच त्याचा गुण आहे.

दुसरं, दुकानात सुताचा नंबर विचारा, लिननला तो 'ली'मध्ये सांगतात. ४० ली म्हणजे जाड सूत, ६० ली शर्टाला मस्त, नंबर वाढला की सूत बारीक. आणि पाटीवर 'लिनन फिनिश' किंवा 'लिनन लुक' लिहिलेलं असेल तर सरळ पुढं जा, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. कडेचे दोन धागे काढून जाळून बघा, लिनन कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

घाटाखाली
मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. लिनन जवसाच्या झाडाच्या खोडातनं निघतं, आपल्याकडं जवस म्हणजे चटणी आणि तेल, धाग्याचं चांगलं पीक येतं फ्रान्स-बेल्जियमच्या थंड हवेत. आणि आपल्या शेजारी इचलकरंजी, जिथं १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, इकडं आपलं विटा, तिथले माग कापसावर चालतात. एवढं कापड दारात विणलं जात असताना परदेशी खोडाचं कापड कशाला हवं? उन्हाळ्याला आपलं कॉटन आणि खादी पुरेसं आहे, आजोबा-पणजोबांनी त्याच्यावरच उन्हाळे काढले.

मागवाला
भावना शंभर टक्के मान्य, मी स्वतः कापसाच्या जिवावर जगतो. फक्त कॉटन घेताना ते शुद्ध आहे का ते पण असंच जाळून बघा.

साताऱ्याची_ताई
सगळे शर्टावरच बोलताय, आमचं काय? मी साताऱ्यात नोकरी करते, लिननचे कुर्ते शिवून घेते आणि मला ते फार आवडतात, पण एक गोष्ट कळकळीनं सांगते, अस्तर बघून घ्या. फिकट रंगाला अस्तर लागतंच आणि टेलर न विचारता सिंथेटिक अस्तर लावून मोकळे होतात, मग बाहेरनं महागाचं लिनन आणि आतनं उकडहंडी. मलमलचं अस्तर आपणच आणून द्यायचं, तेही भिजवून. बाहीला तर लावूच नका. खिसा मात्र मागून घ्या, नाहीतर त्यांच्या लक्षातही येत नाही.

मिरजेचा_शिलाईवाला
ताई बरोबर बोलल्या. आमच्या घरात शिलाईचंच काम, त्यामुळं जीव तोडून सांगतो, कापड भिजवल्याशिवाय कात्री लावू देऊ नका. लिनन आटतं. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, न पिळता सावलीत वाळवा, मग टेलरकडं न्या. गिऱ्हाईक गडबडीत कोरंच कापड टाकून जातं, मग पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि कॉलरच्या आतलं चिकटवलेलं बकरम, म्हणजे कडक अस्तर, आहे तेवढंच राहतं, की कॉलरवर फुगे आलेच. ते फुगे कुठल्याच इस्त्रीनं जात नाहीत. कापडाचा पन्ना, म्हणजे रुंदी, ५८ इंच असेल तर फुल शर्टाला १.६० मीटर लागतं, लिननला दहा सेंटीमीटर जास्तीचं घ्या. शिलाईच्या आत मार्जिन बरं ठेवायला सांगा, सैल विणीचं कापड शिवणीतनं सुटतं.

आणि इस्त्रीवाल्याला सांगा ओलसर असतानाच उलट्या बाजूनं गरम इस्त्री फिरव, कॉलरची घडी दाबून मोडू नको. रोज एकाच रेघेवर मोडलं तर लिनन तिथंच तुटतं. एरवी कापड दणकट आहे, ओलं झालं की उलट जास्त मजबूत होतं.

पँट मात्र मी लिननची सुचवत नाही. दुपारपर्यंत गुडघ्याला फुगे येतात.

तासगावकर
बघा, भिजवा, वाळवा, अस्तर आणा, इस्त्रीवाल्याला शिकवा. एवढा खटाटोप साध्या नोकरदारानं का करावा? पॉपलिन बादलीत टाकलं, धुतलं, वाळवलं, झालं.

कृष्णाकाठचा
खटाटोप शिवताना एकदाच आहे ओ, शर्ट पुढं कितीतरी उन्हाळे चालतो. पँटीचं मान्य, खाली कॉटनच घाला. तुमच्या साहेबांचं टेन्शन असेल तर कॉटन-लिनन मिक्स बघा, चुरगळणं बरंच कमी होतं. पण पॉपलिन घेतलं तरी शिवून घ्या आणि लूज शिवून घ्या, एवढं तरी ऐका.

तासगावकर
शिवून घ्यायला माझा कधीच विरोध नव्हता. आमचे टेलर वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. मिक्सचं कापड बघतो, पण काउंटरला प्युअर लिनन नाही म्हणजे नाही.

साताऱ्याची_ताई
जे काय घ्यायचं ते लग्नसराई सुरू व्हायच्या आत टेलरकडं टाका. एप्रिलमध्ये गेलात तर शर्ट हातात पडेपर्यंत पाऊस येईल.