टेक्सासमध्ये राहताना गर्भनिरोधनाची आणि गर्भारपणातल्या उपचारांची तजवीज कशी करावी?

प्लेनोकर_सायली

नमस्कार. आम्ही डॅलसजवळ प्लेनोमध्ये राहतो. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, आणि मुलगी पहिलीत आहे. दुसऱ्या मुलाचा निर्णय अजून झालेला नाही, पण पुढची दोन-तीन वर्षे तरी नको, एवढे ठरले आहे. मी गर्भनिरोधक गोळ्या घेते.

जून २०२२मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क देणारा रो विरुद्ध वेड हा १९७३चा निकाल रद्द केला, तेव्हा आम्ही त्याकडे केवळ बातमी म्हणून पाहिले. त्यानंतर सरकार बदलले, दर काही महिन्यांनी नवा कायदा किंवा नवा खटला येऊ लागला, आणि आता आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर रोज काहीतरी फिरत असते: गोळ्या बंद होणार, तांबी बेकायदा ठरणार, पाळीची नोंद ठेवणारी अ‍ॅप पोलिसांना माहिती पुरवणार. आईचे म्हणणे असे, की सुट्टीत पुण्याला येशील तेव्हा तिथेच तांबी बसवून घे, नाहीतर वर्षभराच्या गोळ्या बरोबर घेऊन जा.

यातले खरे किती आणि अफवा किती, ते मला समजून घ्यायचे आहे. त्याहून मोठी चिंता अशी, की उद्या दिवस राहिले आणि मध्येच काही बिघडले, तर इथले डॉक्टर वेळेवर उपचार करतील का? कृपया माहीतगारांनी सविस्तर लिहावे.

ऋतुपर्णा_एच

मी ह्यूस्टनमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे विषय एकत्र आले आहेत, आणि गटांवरची बहुतेक भीती ते वेगळे न केल्यामुळेच पसरते.

पहिला विषय गर्भनिरोधनाचा. टेक्सासमध्ये गोळ्या, तांबी, दंडात बसवायचे इम्प्लांट, इंजेक्शन, शस्त्रक्रिया हे सगळे कायदेशीर आहे. टेक्सासच्या आरोग्यविषयक कायद्यात गर्भपाताची जी व्याख्या आहे, तिच्यातून गर्भनिरोधक साधने आणि तोंडाने घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्या स्पष्ट शब्दांत वगळलेल्या आहेत. असुरक्षित संबंधानंतर घेण्याची लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळीही २०१३पासून वयाच्या अटीविना आणि चिठ्ठीशिवाय मिळते. ती बीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. ती ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. वजन जास्त असेल तर तिचा परिणाम कमी होतो; अशा वेळी चिठ्ठीवर मिळणारी युलिप्रिस्टलची गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, आणि त्याच पाच दिवसांत तांबी बसवली तर ती या सर्वांहून खात्रीची ठरते. शिवाय २०२४च्या मार्चपासून ओपिल ही रोजची गोळी औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ती एकाच संप्रेरकाची असल्यामुळे रोज त्याच वेळी घ्यावी लागते. तीन तासांहून उशीर झाला तर पुढचे दोन दिवस कंडोमही वापरावा.

आईंच्या सल्ल्याबद्दल. भारतातल्या सरकारी केंद्रांत बसवली जाणारी कॉपर-टी ३८०ए आणि इथली पॅरागार्ड मुळात एकाच रचनेच्या आहेत, आणि दोन्ही दहा वर्षांसाठी मान्य आहेत, त्यामुळे पुण्यात बसवून घेण्यात वैद्यकीय दृष्ट्या गैर काही नाही. मात्र प्रकार आणि बसवल्याची तारीख लिहिलेले कार्ड मागून घ्या, आणि बसवल्यानंतर लगेच विमानात बसू नका. तांबी सरकण्याची किंवा निसटण्याची शक्यता पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असते, म्हणून धागे जागेवर आहेत हे डॉक्टरांनी एकदा तरी पाहिलेले बरे. तुमचा विमा चांगला असेल तर मी इथेच बसवायला सांगेन. वेदनेची भीती वाटत असेल तर तसे आधी बोला. बसवताना भूल देण्याच्या पर्यायांविषयी रुग्णाशी बोलावे, अशी सूचना सीडीसी या केंद्रीय आरोग्यसंस्थेने २०२४मध्येच डॉक्टरांना दिलेली आहे, आणि तुम्ही मागितलेत म्हणून कोणी तुम्हाला नाजूक समजू नये.

गोळ्यांचा मोठा साठा आणणे मला पटत नाही. सीमाशुल्क खाते प्रवाशाला साधारण ९० दिवसांपुरतीच औषधे, तीही मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, आणू देते. छाया किंवा सहेली या नावाने भारतात मिळणारी, लखनौच्या संस्थेत विकसित झालेली आठवड्याची गोळी तर अमेरिकेत मान्यच नाही. ती संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतो.

दुसरा विषय गर्भारपणातल्या उपचारांचा, आणि तिथे तुमची चिंता रास्त आहे. २५ ऑगस्ट २०२२पासून टेक्सासमध्ये जवळजवळ सर्व गर्भपात गुन्हा आहेत. डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान एक लाख डॉलर दंड होऊ शकतो, परवाना जातो तो वेगळाच. गर्भवती स्त्रीवर मात्र या कायद्याखाली खटला भरता येत नाही, हे नीट लक्षात ठेवा. नळीत राहिलेला गर्भ काढणे आणि आपोआप मृत झालेला गर्भ काढणे हा व्याख्येनेच गर्भपात नाही. अडचण येते ती मधल्या प्रसंगांत, म्हणजे पाणी वेळेआधी गेले आहे, बाळ जगण्याची आशा नाही, पण ठोके अजून चालू आहेत. अमांडा झुरॉस्की यांचे पाणी अठराव्या आठवड्यात गेले आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरेपर्यंत त्यांना थांबवण्यात आले. त्यांनी व इतर स्त्रियांनी भरलेला खटला २०२४च्या मेमध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या विरोधात गेला. पुढे २०२५मध्ये विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून जिवाचा धोका अगदी तोंडावर येईपर्यंत थांबण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. त्याने आमची भीती कमी झाली; गेली, असे मी म्हणणार नाही.

म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सरळ विचारा: विसाव्या आठवड्याच्या आत पाणी गेले तर तुमच्या रुग्णालयात काय करतात, निर्णय कोण घेतो, त्याला किती वेळ लागतो? उत्तर गुळमुळीत आले तर डॉक्टर बदला. हे विचारणे उद्धटपणाचे नाही. आपल्याकडे डॉक्टरांना उलट प्रश्न विचारायची सवय नसते, पण ती इथे लावून घ्यावी लागते.

मुक्ता_ओहायो

ऋतुपर्णाताईंनी कायद्याची आजची स्थिती नेमकी सांगितली आहे, पण गोळ्यांविषयीची भीती निव्वळ अफवेतून आलेली नाही, हेही नोंदवायला हवे. विवाहितांना गर्भनिरोधनाचा घटनात्मक हक्क मिळाला तो १९६५च्या ग्रिसवोल्ड निकालाने, आणि अविवाहितांना १९७२च्या आयझेनश्टाट निकालाने. २०२२च्या निकालात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात ग्रिसवोल्डचाही फेरविचार व्हावा, असे लिहिले. बाकीच्या न्यायमूर्तींनी तशी भूमिका घेतली नाही, परंतु संसदेने हा हक्क कायद्यात आणावा म्हणून मांडलेले विधेयक २०२२मध्ये प्रतिनिधिगृहात संमत होऊनही पुढे गेले नाही, आणि पुन्हा मांडले तेव्हा जून २०२४मध्ये सिनेटमध्ये अडले. आज हक्क आहे, पण तो न्यायालयाच्या निकालांवर उभा आहे. टपालाने गर्भनिरोधके पाठवण्यास बंदी घालणारा १८७३चा कॉमस्टॉक कायदा पाहा: त्यातला गर्भनिरोधकांचा उल्लेख १९७१मध्ये निघाला, गर्भपातासंबंधीचा भाग अजून पुस्तकात आहे.

मराठी वाचकांना याचे नवल वाटू नये. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्याच्या पाच वर्षे आधी मार्गारेट सँगर यांचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले तसेच केंद्र पोलिसांनी काही दिवसांतच बंद पाडले होते. कर्व्यांवरही त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरासाठी खटले झाले आणि १९३४मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. बायकांना माहिती मिळू द्यायची की नाही, हाच वाद तेव्हा इकडे आणि तिकडे एकाच वेळी चालू होता.

मत देता येणाऱ्यांनी ते द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. ओहायोत आम्ही २०२३च्या नोव्हेंबरमध्ये प्रजनन-हक्क राज्यघटनेत लिहून घेतला तो मतपेटीतूनच. टेक्सासमध्ये नागरिकांना थेट असा प्रस्ताव मतदानाला आणता येत नाही, म्हणून तिथे विधिमंडळाच्या निवडणुका अधिक महत्त्वाच्या आहेत.

कागदपत्रे_नीट

विम्याविषयी थोडे. २०१०च्या आरोग्यविमा कायद्याखाली बहुतेक खासगी विम्यांना मान्य गर्भनिरोधन-पद्धती खिशाला चाट न लावता द्याव्या लागतात. तांबी बसवणे आणि काढणेही त्यात येते. २०१४च्या हॉबी लॉबी निकालानंतर धार्मिक कारणाने काही मालकांना यातून सूट मिळते, म्हणून नवऱ्याच्या कंपनीचा लाभांचा तपशील वाचून पाहा. विमा राज्याच्या नियमनाखाली येत असेल तर टेक्सासच्या २०२३च्या कायद्यामुळे पहिल्या तीन महिन्यांनंतर बारा महिन्यांच्या गोळ्या एकदम घेता येतात. मोठ्या कंपन्या बहुधा स्वतःच्या पैशातून विमा चालवतात आणि त्यांना हा नियम लागू नसतो. मनुष्यबळ विभागाला एक ईमेल करून विचारा. हे सगळे आत्ताच करा, कारण एच-वन-बीची नोकरी गेली की साठ दिवसांत सगळेच आवरावे लागते, आणि विम्याशिवाय तांबीचा खर्च हजार डॉलरच्या वर जातो.

शब्दाली_ऑस्टिन

सायली, माझा अनुभव सांगते, कारण असे लिहिलेले मला तेव्हा कुठे वाचायला मिळाले नव्हते. ऑस्टिनच्या आसपासच्या एका रुग्णालयात नवव्या आठवड्यात रक्तस्राव होऊ लागला म्हणून गेलो. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. डॉक्टरांनी आठवड्याने परत या, असे सांगून घरी पाठवले आणि का, ते नीट सांगितलेच नाही. तो आठवडा मी कायद्यालाच दोष देत काढला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावले, की गर्भाची लांबी सात मिलिमीटरच्या आत असेल तर ठोके नसूनही गर्भ गेला असे ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून जगभर दुसरी सोनोग्राफी करतात. दुसऱ्या खेपेला निदान पक्के झाले आणि त्याच संध्याकाळी पिशवी साफ करून दिली.

म्हणून थांबायला सांगितले तर एकच विचारा: हे थांबणे निदानासाठी आहे की कायद्यामुळे? उत्तर नोंदीत लिहायला सांगा. सोनोग्राफीची प्रत त्याच दिवशी हातात घ्या, ती दुसऱ्या रुग्णालयात लगेच कामी येते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो आपणहून सांगा.

प्लेनोकर_सायली

सर्वांचे मनापासून आभार. इथल्याच डॉक्टरांकडे तांबीसाठी वेळ घेतली आहे. दोन गोष्टी राहिल्या. पाळीच्या अ‍ॅपचे काय करावे? आणि माझी सतरा वर्षांची भाची याच गावात आहे. तिला पाळीच्या वेदनेसाठी गोळ्या सुचवल्या आहेत, तर तिला एकटीला त्या मिळतील का?

ऋतुपर्णा_एच

अ‍ॅपविषयी: रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा जो केंद्रीय कायदा आहे, तो डॉक्टर, रुग्णालये आणि विमा कंपन्यांना लागू होतो, अशा अ‍ॅपना सहसा होत नाही. फ्लो या अ‍ॅपने वापरकर्त्यांची माहिती इतर कंपन्यांना दिल्याचा आरोप होऊन २०२१मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली. मी माझ्या रुग्णांना माहिती फोनमध्येच ठेवणारे अ‍ॅप किंवा सरळ कागद वापरायला सांगते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनाने केलेली खूण डॉक्टरला तेवढीच उपयोगी पडते.

भाचीविषयी: टेक्सासमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलींना चिठ्ठीच्या गर्भनिरोधक गोळ्यांसाठी साधारणपणे पालकांची संमती लागते, आणि केंद्राच्या निधीवर चालणाऱ्या दवाखान्यांतही ती लागेल, असे तिथल्या अपील न्यायालयाने २०२४मध्ये ठरवले. वेदनेसाठी औषध सुचवलेले आहे, तेव्हा तिच्या आईने पहिल्या भेटीला बरोबर जावे, संमतीपत्रावर सही करावी आणि नंतर काही वेळ बाहेर बसावे, म्हणजे मुलीला डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येईल. तिला अर्धशिशी असून डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा किंवा चमक येत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अशा मुलींना दोन संप्रेरकांच्या गोळ्या देत नाहीत.