गाडी पाठवणारा दलाल बुकिंगनंतर भाडं वाढवतोय, द्यावं का?

प्रश्न: दलालाने ट्रेलरवरून कार पाठवायचा दर सांगितला, बुकिंगची रक्कमही घेतली. आता म्हणतो, या दरात ट्रेलर मिळत नाही, २० टक्के वाढवा. गाडी अजून माझ्याकडेच आहे.

उत्तर १: आधी एकच विचारा, ट्रेलर ठरला आहे का? दलालाचे स्वतःचे ट्रेलर सहसा नसतात. तो तुमचं काम एका दराने वाहतूकदारांपुढे मांडतो. कुणी घेतलं तरच ते पक्कं. गिऱ्हाईक अडकवायला मुद्दाम कमी दर सांगणारे असतात, आणि हा प्रकार मला तसाच वाटतो. वाहतूकदाराचं नाव, ट्रेलरचा नंबर, विम्याची प्रत मागा. मिळाली नाही तर करारातलं रद्द करण्याचं कलम वाचून लेखी रद्द करा, बुकिंगची रक्कम परत मागा.

उत्तर २: वाढीला खरी कारणंही असू शकतात. गाडी सुरू होत नसेल तर ती विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून चढवावी लागते. छतावरचं कॅरिअर, डिकीतलं सामान यांनी उंची आणि वजन बदलतं. बंदिस्त ट्रेलर उघड्यापेक्षा महाग. हे सगळं आधीच कळवलं असेल तर मात्र वाढ मान्य करू नका.

उत्तर ३: फोनवरच्या शब्दावर गाडी चढवू देऊ नका. दलालाचा वाटा किती, चालकाला पोचल्यावर किती, हे लेखी हवं आणि चालकाच्या कागदावरही तोच आकडा हवा. फरक असेल तर तो उतरवताना मागितला जातो. तेव्हा गाडी त्यांच्या ताब्यात असते.