ऑफिस नेटवर्कवर नुसता ब्रॉडकास्ट (सगळ्या मशीनना एकदम जाणारी पॅकेट), कुठून येतोय कळेना

केबलवाला_नाशिक:
मंडळी मदत हवीये. ऑफिसात ४० एक पीसी, मधे एक २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच (पीसींच्या केबल जोडायचा डबा, सेटिंग बघता-बदलता येणारा) आणि त्याला लावलेले चार साधे ८ पोर्टवाले. गेल्या आठवड्यापासून दिवसातून एखाद वेळ सगळं नेटवर्क बसतं, प्रिंट जात नाही, अकाउंट्सवाले ओरडतात, आणि तासाभराने आपोआप ठीक. त्या वेळी स्विचचे सगळे लाइट एकदम लपलप करतात. वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं तर नुसतं एआरपी (हा आयपी कुणाचा अशी विचारणा) आणि डीएचसीपी डिस्कव्हर (मशीनने आयपी मागणं), मधेच यूडीपी पोर्ट १७५०० वर पण काहीतरी. व्हायरस असेल का? दोन पीसी फॉरमॅट मारले, फरक शून्य.

रात्रपाळी:
फॉरमॅट थांबवा आधी. १७५०० म्हणजे ड्रॉपबॉक्सचा लॅन सिंक (एकाच नेटवर्कवरचे पीसी आपसात फाइल घेतात ते), त्याने नेटवर्क बसत नाही, सेटिंगमधून बंद करता येतो. एआरपी पण थोडं असणारच. डीएचसीपी डिस्कव्हरचा ट्रान्झॅक्शन आयडी (त्या मागणीचा नंबर) बघा, एकाच सेकंदात तोच आयडी हजार वेळा दिसला तर मशीन एकदाच बोललंय आणि पॅकेट गोल फिरतंय, म्हणजे लूप. आयपी पॅकेटला टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटरला एक कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतात, पण स्विचमधून जाणाऱ्या इथरनेट फ्रेमला तसलं काही नाही, त्यामुळे लूप तुटेपर्यंत फिरतच राहतं.

केबलवाला_नाशिक:
आज परत झालं तेव्हा बघितलं, आयडी तोच! आता चार स्विचमधला कुठला ते कसं शोधू, केबल सगळ्या फॉल्स सीलिंगमधून गेल्यात.

जुना_लाइनमन:
दादा, केबल ओढत बसू नका. मॅनेज्ड स्विचचं मॅक टेबल (कुठल्या मशीनचा हार्डवेअर पत्ता म्हणजे मॅक कुठल्या पोर्टवर आहे ती यादी) उघडा आणि पोर्ट पक्का माहीत असलेल्या एखाद्या पीसीचा मॅक बघत राहा. लूप असताना तो आपल्या पोर्टवरून उडी मारून दुसऱ्याच पोर्टवर दिसेल, कारण फिरून आलेली कॉपी तिकडून आत येते. तो पोर्ट जिकडे जातो तिकडेच गडबड. आणि आपोआप ठीक होतं म्हणताय तर त्या वेळी ऑफिसात काय चालू-बंद होतं तेही लिहून ठेवा.

केबलवाला_नाशिक:
सापडलं!! सगळे मॅक १९ नंबरवर उड्या मारत होते, तो मीटिंग रूमचा. तिथल्या आयपी फोनला दोन पोर्ट आहेत, एक भिंतीकडे आणि एक पीसीसाठी, टेबल हलवताना कोणीतरी दोन्ही केबल भिंतीतच खोचल्या होत्या. फोन अॅडॅप्टरवर चालतो, मीटिंग सुरू झाली की तिथला विजेचा बोर्ड चालू आणि संपली की बंद, म्हणून तासाभराने ठीक व्हायचं. आठ दिवस झोप नव्हती, दोघांचे मनापासून आभार.

रात्रपाळी:
मस्त शोधलंत. आता साध्या स्विचकडे जाणाऱ्या चारही पोर्टवर लूप प्रोटेक्शन चालू करा, परत कोणी तसंच केलं तर तेवढा पोर्ट बंद पडेल आणि बाकी ऑफिस चालू राहील.