एअरवालं, बुलेट का वाँड? पह्यल्यांदा घेऊन राहिली, सांगा कोणी

पांढरंसोनं

ताईहो, या आयडीनं नवीनच लिहून राहिली, जुन्या आयडीवर गावचे दोनचार जण आहेत म्हणून. वय ३२, यवतमाळ जिल्हा, गाव इचारू नका. मिस्टर बुटीबोरीले कंपनीत, सुट्टी भेटली का येतात. तर गोष्ट अशी का नुसत्या संबंधानं मले काही होतच नाई (ऑरगॅझम म्हणतात ना थे), हातानं होते पण गंज टाइम लागते, अन् वेचणीच्या दिवसात संध्याकाळी बोटं बोंडाच्या टोकांनं सोलून निघाली असतात, मनगट भरून येते, मंग कायचं काय. शेवटी मिस्टरच फोनवर म्हणे का एखादी मशीन (व्हायब्रेटर) घेऊन टाक, पाह्य ऑनलाइन. पाह्यलं तर डोकंच फिरलं. एक ते हवेचं तोंड असलेलं, एक बोटाएवढं बुलेट, एक मोठ्या गोल डोक्याचं वाँड, अन् एक आत-बाहेर दोनीकडून चालणारं रॅबिट. सगळ्याच्या खाली लिहून राह्यते का हेच बेस्ट.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या अन् मधात टिनाची पडदी, पलीकडं सासूबाई, त्याइले रात्री झोप नाई. लाइन कवा जाईन कवा येईन भरवसा नाई. बजेट दीड-दोन हजार, कापूस विकला का थोडं वर चालन. अन् कुरिअर आणणारा पोरगा मिस्टरांच्या मावसभावाचा दोस्त हाय, थे टेन्शन येगळंच.

अजून एक, मले डायरेक्ट लागलं का झोंबते, कपड्यावरून बरं वाटते. अशा बाईले कोणतं जमन?

कुलरच्या_बाजूले

अवं बाई, सगळ्यात कामाचं थे तू शेवटी लिहिलं. कंपनी अन् प्रकार मंग, पह्यले हे पाह्य का तुले थेट पाह्यजे का आडून, एकाच जागी पाह्यजे का पसरट. तुले आडून पाह्यजे हे तर झालंच क्लिअर.

बुलेट घेतलं तर थे नेमकं टोकावर नको ठेवू, बाजूले ठेव, नाई तर सुती कपडा मधात घे, चड्डीवरूनच चालव ना कोण पाहून राह्यलं. हजार-पंधराशेत चांगलं भेटते, चार्जिंगचं घे, सेलवाल्याच्या नादी लागू नको, रात्री अकराले सेल संपला तर किराणा दुकान उघडायले लावशीन का. तोटा एकच का लहान मोटर भुणभुण करते, वरवरची, पाच-दहा मिनिटं एकाच ठिकाणी ठेवलं का तिथं बधिर होते. हलवत राह्य मंग काही नाई.

हवेचं मी वापरते म्हणून सांगते. थे ओढत-बिढत नाई, नावालेच सक्शन. त्याचं लहानसं तोंड क्लिटोरिसच्या (बाहेरून वरच्या बाजूले दाण्यासारखा भाग असते थो) भोवताल टेकते अन् आत हवेचा दाब कमी-जास्त होत राह्यते, मधल्या जागेले मशीन लागतच नाई. हा प्रकार जर्मनीतून आला, २०१४ मधी वुमनायझर नावाच्या ब्रँडनं काढलं, दोनेक वर्षांनी सॅटिस्फायर ब्रँडचं स्वस्तात आलं मंग घरोघरी झालं. झोंबणाऱ्या बाईले थे बरं पडू शकते काहून का घासत नाई. पण उलटं बी होते, माह्या नणंदेले थेच लय तेज वाटलं, म्हणे सगळा जोर एका टोकावर येते. तोंडाचं माप अन् आपलं माप जुळलं नाई तरी मजा नाई, अन् थोडं सरकलं का खेळ खतम, पुन्हा जागा शोधा.

आवाजाचं म्हणशीन तर हवेचं हवेत धरलं का फटफट करते, नीट टेकलं का चुप. म्हणून आधी टेकवायचं मंग बटण. एप्रिल-मेत कूलर सुरू असला तर टेन्शनच नाई, कूलरपुढं थ्रेशर बी ऐकू येणार नाई. खरी पंचाईत डिसेंबरात, घर असं शांत का पाल चुकचुकली तरी सासू उठते.

रॅबिट नको घेऊ. आतलं अन् बाहेरचं अंतर हरेक बाईचं येगळं, मशीनचं एकच. जुळलं तर जुळलं. तुले आतून काही होत नाई म्हणतेस मंग त्या अर्ध्या मशीनचे पैसे कायले देतेस.

स्टाफनर्स_वर्धा

वरच्या ताईंनी बरंचसं नीट सांगितलंय, मी दवाखान्याच्या बाजूने थोडं टाकते.

पहिलं म्हणजे नुसत्या संबंधाने होत नाही यात तुमचं काही बिघडलेलं नाहीये, आमच्याकडे ओपीडीत बायका हे कानात सांगतात जणू मोठा आजार आहे. अमेरिकेतला एक मोठा सर्व्हे २०१७ ला आला होता, त्यात नुसत्या आतल्या संबंधाने होतं म्हणणाऱ्या बायका साधारण १८ टक्के, म्हणजे पाचात एकसुद्धा नाही. कारण सरळ आहे, क्लिटोरिसचा बाहेर दिसतो तो भाग छोटासा, बाकीचा आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो, हे नीट मोजून मांडलं ऑस्ट्रेलियाच्या हेलन ओ'कॉनेल या युरॉलॉजिस्टने १९९८ मध्ये, विचार करा किती उशिरा. आणि २०२२ ला ओरेगॉनच्या डॉक्टरांनी त्याच्या नसांतले तंतू मोजले तर सरासरी दहा हजारांच्या वर निघाले. त्याआधी सगळे आठ हजार आठ हजार म्हणायचे तो आकडा जनावरांवरच्या अभ्यासातून आलेला होता. एवढ्याशा जागेत एवढ्या नसा म्हटल्यावर डायरेक्ट लागलं की झोंबणारच, त्यावर कातडीची घडी असते ती मागे ओढू नका, तिच्यावरूनच चालवा.

आता मटेरियल, यात तडजोड करू नका. बाहेरून सिलिकॉन किंवा एबीएस प्लास्टिक, बस. ते पारदर्शक लिबलिबीत जेलीचं येतं स्वस्तात, डबा उघडला की नव्या चपलेचा वास मारतो, ते घेऊ नका, त्याला बारीक छिद्रं असतात, कितीही धुतलं तरी आत घाण राहते, वरून त्यात काय केमिकल घातलंय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. मशीन सिलिकॉनची असेल तर सिलिकॉनचं ल्युब (घासू नये म्हणून लावायचं बुळबुळीत द्रव) लावू नका, पृष्ठभाग चिकट होतो. वॉटर बेस्ड म्हणजे पाण्यातली ल्युब जेली मेडिकलमध्ये मिळते, थोडीशी लावली की झोंबणं बरंच कमी होतं, हवेच्या मशीनला तर ती बरी पडते, कड नीट टेकते. खोबरेल तेल वापरतात पुष्कळजणी, पण निरोध वापरत असाल तर अजिबात नको, तेलाने लॅटेक्स फाटतं.

धुवायला साधा साबण आणि पाणी, डेटॉल-बिटॉल नको. पण डब्यावर आयपीएक्स ७ लिहिलंय का बघा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतं. ते लिहिलं नसेल तर नळाखाली धरू नका, ओल्या कपड्याने पुसा. आणि अंगावरून पांढरं जात असेल, खाज असेल, जखम असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा.

एक विचारते, बाळ अंगावर पितं का अजून? किंवा डिप्रेशनची, टेन्शनची गोळी चालू आहे का? दोन्हींमुळे कोरडेपणा आणि वेळ लागणं होतं. तसं असेल तर मशीन घ्याच, पण डॉक्टरांशी पण बोला, गोळी मनाने बंद करू नका.

आजीबाई_४९

सगळ्या बारीक मशिनीचं सांगून राहिल्या म्हणून मी वाँडची बाजू घेते. माही पाळी बंद झाली दोन वर्षं होतील, तवापासून बारीक भुणभुण मले कळतच नव्हती. वाँडची मोटर मोठी, थरथर खोल जाते, गिरणीत डबा घेऊन उभं राह्यलं का पायाखालून जशी धडधड चढते ना तशी. अन् डोकं पसरट असल्यानं नेमकी जागा शोधत बसा लागत नाई, जांघेजवळ ठेवलं तरी पोचते, वरून घडी केलेला टॉवेल ठेवला का झोंबतबी नाई. कंबरेले लावलं तरी कोणी इचारत नाई, घरात सगळ्याइले मसाजर म्हणूनच माहीत हाय, सून बी मागून नेते पाठ दुखली का, मी देते बाप्पा पण धुऊन!

पण पांढरंसोनं, तुह्यासाठी नाई. एक तर आवाज, टिनाची पडदी असन तर सासूबाई उठून इचारतील मोटर कोणं लावली. दुसरं, जुन्या नावाजलेल्या हिताचीच्या वाँडची लोकं तारीफ करतात, १९६८ पासून निघते थे, पण थे वायरवालं अमेरिकेच्या ११०-१२० व्होल्टवर चालते, आपल्याकडं २३० हाय, कोणी तिकडून आणून देलं अन् तसंच लावलं तर जळते. घ्यायचंच असन तर चार्जिंगचं लहान वाँड घे.

संत्र्याचा_बगीचा

मी माणूस हाय, चालत असन तर बोलतो. वहिनी, तुमच्या मिस्टरांनी स्वतःहून म्हटलं हे बेस्ट केलं, आमच्या हिनं आणलं तवा मले दोन दिवस वाटलं का आता आपली गरज संपली का काय, मंग दोघं असतानाच वापरायले लागलो तं उलट बरं झालं. बुलेट त्यासाठी बरं, मधात अडत नाई. रॅबिट अन् वाँड दोघांच्या मधात कुठी ठेवता.

पार्सलचं सांगतो. बाहेरदेशातून मागवू नका, कस्टमवाले १९६४ च्या एका नोटिफिकेशनचा आधार घेऊन अश्लील वस्तू म्हणून अडकवतात. मुंबई हायकोर्टानं मार्च २०२४ मधी बॉडी मसाजरच्या एका केसमधी कस्टमलेच झापलं, का हे सेक्स टॉय हाय ही अधिकाऱ्याची कल्पना, त्यावरून माल अडवता येत नाई. पण एका बुलेटसाठी कोर्टात कोण जाते. भारतातल्याच साइटवरून घ्या, घरात ठेवाले-वापराले बंदी नाई, पॅकिंग साधं येते, घ्यायच्या आधी चॅटवर इचारा का डब्यावर पाठवणाऱ्याचं नाव काय राहीन. अन् पत्ता गावचा देऊच नका, तालुक्याच्या कुरिअर ऑफिसवर स्वतः उचलतो म्हणून सांगा, बाजाराच्या दिवशी जा, पिशवीत भाजीखाली टाका. पैसे आधीच भरा, सीओडी केलं का तो पोरगा सुटे पैसे मागत दारात उभा राह्यते, तितक्यात चार शेजारी जमा.

रोखठोक_बुलढाणा

सगळं ठीक आहे पण मशीनची सवय लागली की मग हाताने आणि नवऱ्याने काहीच होत नाही, नसा मरतात. माझ्या ओळखीतल्या एकीचं झालंय असं. विचार करून घ्या.

स्टाफनर्स_वर्धा

@रोखठोक, नसा मरत नाहीत हो. बधिरपणा येतो तो एकाच जागी जोरात दाबून ठेवलं की, आणि थोड्या वेळात जातो. २००९ मध्ये अमेरिकेत दोन हजारांवर बायकांचा सर्व्हे छापून आला, त्यात व्हायब्रेटर वापरणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त जणींना कधीच काही त्रास नव्हता, ज्यांना झाला तो किरकोळ. सवयीचं म्हणाल तर रोज एकाच लेव्हलला फुल स्पीडने केलं तर शरीर त्याचीच वाट बघतं एवढं खरं, म्हणून कमीवर सुरू करा, कधी मशीन कधी हात, एवढंच. ओळखीतल्या त्या ताईंना विचारा मशीन कोणत्या मटेरियलची आहे, आणि गोळ्या काही चालू आहेत का तेही विचारा, मला तिथेच शंका येते.

पांढरंसोनं

एवढ्या जणांनी लिहिलं, मले वाटलं होतं शिव्या भेटतील. नर्सताई, बाळ अंगावर पिते अजून, लहाना दीड वर्षाचा हाय, कोरडं पडते हे बरोबर वळखलं तुम्ही, मले वाटे थकव्यानं असन. गोळी कोणतीच नाई.

मंग आता असं ठरवून राहिली का आधी जेलीची ट्यूब आणते दारव्ह्याच्या मेडिकलमधून (आमच्या गावच्या मेडिकलवाल्याले मागितली तर रात्रीपर्यंत पारावर चर्चा), चार दिवस नुसती थेच लावून पाह्यते. अन् बुलेट, सिलिकॉनचं, चार्जिंगचं. हवेचं कापूस विकल्यावर पाहू, भाव कसा लागते त्याच्यावर हाय सगळं. पण बुलेट ठेवू कुठं? कपाट लोखंडी हाय अन् चावी सासूबाईजवळ बी राह्यते.

कुलरच्या_बाजूले

कपाटात ठेवशीन तर आधी ट्रॅव्हल लॉक शीक. बऱ्याच चार्जिंगवाल्याले राह्यते, बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं का लॉक, परत तसंच दाबलं का चालू, कंपनी-कंपनीत फरक हाय म्हणून डब्यातला कागद फेकू नको. लॉक नसलं अन् साडीच्या घडीत बटण दाबल्या गेलं तर लोखंडी कपाट असं घुमते का सासूबाई म्हणतील उंदीर शिरला, अन् उंदीर पाहाले कपाट उघडतील. तुह्या पॅडच्या पाकिटात ठेव, तिथं कोणी हात घालत नाई. अन् चार्जिंगले दिवसा लाव, वावरात जाताना नाई, तू घरी असताना, उशीखाली-गोधडीखाली ठेवून तर कधीच नाई, गरम होते.