मलप्रभेच्या काठाने कणकुंबी ते कूडलसंगम कुणी चाललंय काय?

नंदगडची काकी:
मे महिन्यात लेकीकडे लंडनला होते. जावयासोबत थेम्सच्या काठाने रिचमंड ते हॅम्प्टन कोर्ट चालले. पूर्वी घोडे काठावरून नावा ओढत न्यायचे, त्यांच्यासाठी केलेली ही वाट. घोडे गेले, पण वाट राखली. जागोजागी ओकच्या फळाची खूण असते, चुकायला होत नाही. उगमापासूनची ही अख्खी वाट १९९६ साली खुली झाली. लांबी सुमारे १८४ मैल, म्हणजे २९६ किलोमीटर.

आकडा ऐकला आणि आमची मलप्रभा डोळ्यांपुढे आली. कणकुंबीच्या माउलीपासून कूडलसंगमात कृष्णेला मिळेपर्यंत तीही ३०४ किलोमीटर! जन्म तिच्या पाण्यावर गेला, पण खानापूरच्या पुलाखालून ती पुढं कुठं कशी जाते ते मी पाहिलेलं नाही. टप्प्याटप्प्याने सगळी चालायची आहे. वय ५८, गुडघे धड आहेत. काठ धरून कुठवर जाता येईल?

जांबोटीचा रानगडी:
काकी, खानापूरपर्यंत काठाचा हट्ट धरू नका. भीमगडचं रान लागून आहे, अस्वलं आहेत. आमच्याकडची माणसं शेताकडंसुद्धा एकटी जात नाहीत. रानात शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते. डांबरी रस्त्यानेच या आणि हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी नदीत उतरा. पावसाळ्यात तो पाण्याखाली असतो, म्हणून दिवाळीनंतरच निघा.

सौंदत्तीकर:
खानापूरच्या पुढं रान सरतं आणि ऊस लागतो, अगदी पाण्याच्या कडेपर्यंत. वाट म्हणजे शेताचा बांध. न विचारता कुणाच्या उसात शिरू नका. मालक दिसला की कानडीत 'होळी दंडिगे दारि ऐतेन्री?' (नदीकाठाला वाट आहे का हो?) म्हणा, तो स्वतः पुढं होऊन काठापर्यंत सोडेल.

एम. के. हुबळीला थांबाच. तिथं नदीत गंगांबिकेचं ऐक्यस्थळ, म्हणजे समाधी आहे, आणि तुमची वाट संपते त्या कूडलसंगमला बसवण्णांचं. नवराबायको दोघंही या एकाच नदीच्या पाण्यापाशी विसावलीत. मी हे अंतर गाडीने कितीदा केलंय, चालत एकदाही नाही.

नविलुतीर्थ धरणाच्या फुगवट्यात काठ असा राहतच नाही, पाणी ओसरलं की चिखल. तिथं नदी सोडून यल्लम्माच्या डोंगराची वाट धरा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या जत्रेला बैलगाड्या आणि चालणारी माणसं असतात, सोबत मिळेल.

नंदगडची काकी:
दोघांचेही आभार. म्हणजे आपल्याकडं घोड्यांची नाही, पण जत्रेची वाट आहे की! मग माघातच सौंदत्तीचा टप्पा धरते. पट्टदकलला नदी उत्तरेकडं वळते, तिथवर जायचंच. पहिला टप्पा दिवाळीनंतर, धाकटी जाऊ सोबत यायला तयार आहे. खानापूरहून कणकुंबीला सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते, कुणी सांगाल काय?