पालिकेने घरांसाठी बाहेरच्या संस्थांना पैसा द्यावा, पण जमीन सोडू नये

पाणंद (धागाकर्ता)

परवडणारी घरं पालिकेने स्वतः बांधावीत की बाहेरच्या संस्थेला पैसा देऊन बांधून घ्यावीत, यावर नेहमी दोन तट पडतात. माझं मत असं: बांधणारा बाहेरचा असायला हरकत नाही. ना-नफा गृहसंस्था असो, सहकारी संस्था असो, खासगी विकासक असला तरी चालेल. पण जमिनीची मालकी पालिकेकडेच राहिली पाहिजे, आणि जनतेच्या पैशाने कमी झालेलं भाडं इमारत उभी आहे तोवर कमीच राहिलं पाहिजे.

अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणा कायद्याने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरं बांधणाऱ्यांना करसवलत मिळू लागली. विकासक ती सवलत गुंतवणूकदारांकडे वळवतो आणि त्यांच्या पैशातून इमारत उभी करतो. भाड्यावरचं बंधन आधी १५ वर्षांचं होतं, पुढे ते ३० वर्षांचं झालं, आणि त्यातूनही चौदाव्या वर्षानंतर बाहेर पडायची वाट कायद्यातच ठेवलेली आहे. मुदत संपली की मालक बाजारभावाने भाडं लावायला मोकळा. इतका पैसा ओतून शेवटी पदरात काय पडलं, तर काही वर्षांपुरतं स्वस्त भाडं.

व्हिएन्नाने १९८४ मध्ये जमीन खरेदीसाठी निधी उभारला. शहर वाढेल तिकडची जमीन हा निधी आधीच घेऊन ठेवतो. १९९५ पासून मोठ्या भूखंडांसाठी बांधणाऱ्यांची स्पर्धा होते. तिथे खर्चाइतकाच वास्तुरचना आणि पर्यावरणाचाही विचार होतो, पुढे सामाजिक निकषही आला. जमीन हातात असली की अटी घालता येतात, हे तिथे दिसतं.

कौलारू

असहमत. पैसा आपला, जमीन आपली, मग मधे दुसरा हवा कशाला?

ब्रिटनमध्ये १९८० नंतर कौन्सिलची, म्हणजे तिथल्या पालिकेची, घरं भाडेकरूंना सवलतीत विकली गेली. १९८८ च्या कायद्याने गृहसंस्थांना खासगी कर्जाचा रस्ता खुला झाला आणि पुढच्या काळात अनेक कौन्सिलांनी आपली उरलेली सगळी घरं अशा संस्थांच्या नावावर केली. रॉचडेलमध्ये २०२० साली दोन वर्षांचं एक मूल घरातल्या बुरशीमुळे गेलं. आईवडिलांनी आधीपासून तक्रारी केल्या होत्या. ती घरं २०१२ मध्ये कौन्सिलकडून संस्थेकडे गेलेली होती. नगरसेवकाला निवडणुकीत जाब विचारता येतो. संस्थेच्या संचालकाला त्या आईवडिलांनी कुठे गाठायचं?

नेदरलँड्सचंही बघा. व्हेस्टिया ही तिथली तेव्हाची सर्वांत मोठी गृहसंस्था व्याजदरांवरच्या करारांत इतकी अडकली की २०१२ मध्ये बाहेर पडायला सुमारे २ अब्ज युरो मोजावे लागले. त्याचा भार इतर गृहसंस्थांवरही पडला, म्हणजे जिथे घरं व्हायची तो पैसा गेला.

हिशेबनीस

कौलारू, रॉचडेलबद्दल वाचताना तुमच्याइतकाच त्रास मलाही होतो. पण मालकी पालिकेची असली की भाडेकरू सुरक्षित, हे मला पटत नाही. २०१७ मध्ये लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळाला, ७२ माणसं गेली. इमारत कौन्सिलच्याच मालकीची होती, कारभार तेवढा वेगळ्या संस्थेकडे. तिथल्या रहिवाशांनीही आधी इशारे दिले होते.

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या वसाहतीच्या ३३ इमारतींची मालकीही सरकारी होती. बांधकामाला केंद्राचा पैसा मिळाला, देखभाल मात्र भाड्यातून करायची होती. शहराची वस्ती घटली, घरं रिकामी पडत गेली, भाडं आटलं, लिफ्ट बंद पडल्या. १९७२ मध्ये इमारती पाडायला सुरुवात झाली, तेव्हा त्या वीस वर्षांच्याही नव्हत्या.

पालिका बाहेरच्यांकडे जाते त्याचं मुख्य कारण कर्ज. पालिकेच्या कर्जावर वरच्या सरकारची मर्यादा असते. गृहसंस्थेने काढलेलं कर्ज सहसा पालिकेच्या हिशेबात धरत नाहीत. इंग्लंडमध्ये कौन्सिलांच्या घरबांधणी-कर्जावरची मर्यादा उठायला २०१८ उजाडलं. तोवर ज्यांना घर हवं होतं त्यांनी थांबायचं का?

आणि पाणंद, व्हिएन्नाचा तो निधी बऱ्याचदा स्पर्धा जिंकणाऱ्याला भूखंड ठरावीक दराने विकतो. मालकी कायम ठेवण्याची तुमची अट तिथेच पाळली जात नाही. तिथली घरं स्वस्त राहतात ती मर्यादित नफ्याच्या कायद्यामुळे. भाडं खर्चाला धरून, आणि उरलेला पैसा पुन्हा घरांतच. कायदा भक्कम असेल तर जमीन कोणाच्याही नावावर असो.

पाणंद

भूखंड विकतात हे मला माहीत आहे. मी ते उदाहरण दिलं ते वाटाघाटीत जमीन किती कामी येते यासाठी. अलीकडे ते विकण्याऐवजी बांधकामाचा हक्क दीर्घ भाडेपट्ट्याने देण्याकडेही वळले आहेत, आणि ते योग्यच आहे.

कायद्यावर विसंबायचं तर जर्मनीकडे बघा. ना-नफा घरबांधणीचा असाच कायदा तिथेही होता. १९८२ मध्ये नोये हाइमाट या कामगार संघटनांच्या गृहकंपनीतला गैरव्यवहार उघड झाला, आणि १९९० च्या सुरुवातीला तो कायदाच गेला. २००४ मध्ये बर्लिनने आपली एक गृहकंपनी, सुमारे ६५ हजार घरांसकट, ४० कोटी युरोंच्या आसपास रोख घेऊन गुंतवणूकदारांना विकली. २०२१ मध्ये त्याच शहराने १५ हजारांच्या आत घरं परत घ्यायला सुमारे अडीच अब्ज युरो खर्च केले. संसदेत एक मतदान झालं की कायदा जातो. जमिनीच्या सातबाऱ्यावर शहराचं नाव असेल तर ते पुसायला निदान उघड व्यवहार करावा लागतो, आणि लोकांना आवाज उठवायला वेळ मिळतो.

कौलारू

बर्लिनमध्ये विकणारं शहरच होतं ना? मग सातबारा काय वाचवणार?

ओसरी

गृहसंस्थांच्या कर्जप्रकरणांवर मी बरीच वर्षं काम करते, म्हणून सावकाराच्या बाजूने काय घडतं ते सांगते. इथे सगळे मालकीवर बोलत आहेत आणि करारातलं सर्वांत महत्त्वाचं कलम कोणाच्याच बोलण्यात नाही.

जमीन पालिकेची आणि संस्थेकडे भाडेपट्टा, एवढ्याने बँक मागे हटत नाही. पट्टा कर्जाच्या मुदतीपेक्षा बराच लांब असला की तोच तारण म्हणून चालतो. अडतं ते पुढच्या प्रश्नावर: संस्था बुडाली आणि बँकेने ताबा घेतला, तर स्वस्त भाड्याची अट बँकेवर लागू राहणार का? इंग्लंडमधल्या अशा करारांत सहसा एक कलम असतं. बँक आधी कौन्सिलला कळवते, ठरावीक मुदत देते, बहुधा तीनेक महिन्यांची. तेवढ्यात दुसरी गृहसंस्था पुढे आली नाही तर बँक ती घरं अटीविना विकू शकते. हे कलम असलं की तारणाची किंमत बाजारभावाच्या जवळ धरली जाते आणि जास्त कर्ज मिळतं. कलम काढलं की कर्ज घटतं, आणि कमी पडलेला पैसा पालिकेलाच अनुदान वाढवून भरावा लागतो.

म्हणून पाणंद, तुमची अट फुकट मिळत नाही. ती घालणाऱ्या पालिकेने अनुदान किती वाढवणार हेही त्याच ठरावात लिहावं. नाहीतर अट कागदावर राहते, निविदेला कोणी येत नाही, आणि वर्षभराने तोच भूखंड खुल्या विक्रीला निघतो. हे मी होताना पाहिलंय.

मधला मार्ग आहे. त्या तीन महिन्यांत घरं विकत घ्यायला पालिकेने स्वतःचा राखीव निधी ठेवायचा. खरेदीचा पहिला हक्क आणि हातात पैसा, दोन्ही हवेत. नुसता हक्क घेऊन बसलेल्या पालिका खूप आहेत.

बारव

ओसरींच्या राखीव निधीजवळ जाणारी एक गोष्ट. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये माँटगोमेरी काउंटीने २०२१ मध्ये ५ कोटी डॉलरचा फिरता निधी काढला आणि नंतर वाढवला. खासगी गुंतवणूकदार बांधकामाच्या काळात महागडं भांडवल घालतो, त्याच्या जागी हा निधी कमी व्याजाचा पैसा घालतो. बांधतो विकासकच, पण इमारतीत मोठा वाटा सार्वजनिक गृहसंस्थेचा असतो. भाडेकरू आले, दीर्घ मुदतीचं कर्ज मिळालं की पैसा निधीत परततो आणि पुढच्या इमारतीला लागतो.

हिशेबनीस

योजना चांगली आहे. मात्र तिथे साधारण ३० टक्केच घरं स्वस्त असतात, उरलेली बाजारभावाने जातात आणि त्यांच्या भाड्यावर हिशेब जुळतो. सर्वांत गरीब कुटुंबाला त्या ३० टक्क्यांचं भाडंही झेपेल असं नाही. त्यांच्यासाठी सरळ अनुदानच लागतं.

कौलारू

ओसरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाहेरच्या संस्थेला माझा विरोध कायम आहे. पण ती आणायचीच असेल तर तुम्ही म्हणता तो निधी आधी, करार नंतर, असा क्रम ठरावात बांधून घेता येईल का? आणि त्या निधीतून देखभालही व्हावी. बुरशीची तक्रार आली, संस्थेने ठरल्या दिवसांत काम केलं नाही, तर पालिकेने आत जाऊन करायचं आणि खर्च संस्थेच्या अनुदानातून कापायचा.

ओसरी

क्रम बांधता येतो. अनुदान एकरकमी न देता टप्प्याटप्प्याने दिलं तर कापायला हातात काहीतरी उरतं. बांधकाम संपताच सगळं देऊन टाकतात, म्हणून नंतर पालिकेचा फोन संस्था उचलत नाही. अनुदानाचा शेवटचा हप्ता पाचव्या वर्षी, दुरुस्तीच्या तक्रारी बघून, असं लिहा. बँक कुरकुर करेल, पण त्या एका कलमासाठी कर्ज नाकारणार नाही.