मिनॉक्सिडिल इतक्यात सोडू नका

केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल हे औषध सुरू केल्यावर तीन आठवड्यांत केस जास्तच गळाले म्हणून ते बंद केलंत, असं तुम्ही लिहिलंय. घाई केलीत! सुरुवातीची ही गळती बऱ्याच जणांना होते. जुने केस गळून नव्यांना जागा होते. मीही घाबरून कोथरूडला त्वचारोगतज्ज्ञांकडे धावलो होतो. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध, केस वाढण्याचा काळ लांबवतं, पण डीएचटीला (टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून बनणारं, टक्कल पाडणारं हार्मोन) हात लावत नाही. ते काम फिनास्टेराइडचं. रोजची १ मिलिग्रॅमची गोळी टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होणं बरंचसं रोखते. मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्या. काहींची कामेच्छा कमी होते, आणि प्रोस्टेट ग्रंथीसाठी करतात त्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा साधारण निम्मा दिसतो. फरक कळायला चार-सहा महिने तरी लागतात.